ते इसब नव्हतंच!

काही डॉक्टरांची नावं रस्त्यांना मिळतात, काहींची इस्पितळांना. सर जेम्स पॅजेट यांचं नाव मात्र आजारांना मिळालं. त्यातला एक हाडांचा आहे, तो बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो. दुसरा आजार थेट आपल्या बायकांचा, पण त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. कारण तो होतो स्तनाग्रावर, आणि दिसतो अगदी साध्या इसबासारखा! लालसर चट्टा, थोडी खाज, थोडी जळजळ, कधी पाणी सुटतं, कधी खपली धरते. बाई मलम लावते, पदर सारखा करते आणि कामाला लागते.

हा स्तनाच्या कर्करोगाचा एक दुर्मीळ प्रकार आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांमध्ये साधारण एक ते चार जणींमध्ये तो आढळतो. दुर्मीळ असला तरी ज्या बाईला होतो तिच्यासाठी तो शंभर टक्केच, नाही का? त्वचेवरच्या या क्षुल्लक दिसणाऱ्या चट्ट्याचा आतल्या कर्करोगाशी संबंध आहे, हे 1874 साली ठामपणे सांगणारे डॉक्टर म्हणजे जेम्स पॅजेट.

जेम्सचा जन्म 11 जानेवारी 1814 चा. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रेट यार्मथ नावाचं बंदराचं गाव आहे, तिथला. वडील सॅम्युएल यांचा मद्य गाळण्याचा मोठा कारखाना, शिवाय स्वतःची जहाजं. गावात मान होता, महापौरपदही भूषवलेलं. घरात मुलंही भरपूर! सतरा मुलं झाली, त्यातली निम्मी-शिम्मीच जगली. त्या काळात श्रीमंताघरीसुद्धा हीच गत होती. आईला शंखशिंपले, रंगीत दगड, जुनी भांडी असं काय काय जमवायचा नाद. जमवायचं, नीट मांडायचं, एकाशेजारी दुसरं ठेवून फरक बघायचा, हे वळण मुलांना आईकडून मिळालं असावं. जेम्सने आणि त्याचा भाऊ चार्ल्स याने मिळून यार्मथ परिसरातल्या वनस्पती आणि जीवजंतूंवर एक छोटं पुस्तकच लिहिलं. ते 1834 साली छापलं गेलं, तेव्हा जेम्स होता अवघा वीस वर्षांचा.

पण तोवर घराचे वासे फिरले होते. वडिलांचा धंदा बसला, कर्ज झालं. थोरल्या मुलांना मिळालं तसं मोठ्या शाळेचं, विद्यापीठाचं शिक्षण जेम्सच्या वाट्याला आलं नाही. सोळाव्या वर्षी गावातल्याच एका शल्यचिकित्सकाकडे त्याला उमेदवारीला ठेवलं. औषधं कुटायची, बाटल्या भरायच्या, रुग्णांच्या जखमा बांधायच्या. चार वर्षं हे केल्यावर 1834 च्या शरद ऋतूत तो लंडनला सेंट बार्थोलोम्यूज या जुन्या रुग्णालयात शिकायला गेला. लोक प्रेमाने त्याला बार्ट्स म्हणतात.

आणि तिथे पहिल्याच वर्षी एक गंमत झाली. शवविच्छेदनाच्या खोलीत एका मृतदेहाच्या स्नायूंमध्ये बारीक पांढरे ठिपके दिसले. असे ठिपके लोकांनी आधीही पाहिले होते. सुरीची धार जाते म्हणून वैतागायचे, हाडाचे कण असतील म्हणून सोडून द्यायचे. जेम्सने सोडून दिलं नाही. साध्या भिंगातून पाहिलं तर ठिपक्याच्या आत काहीतरी वेटोळं करून बसलेलं! पण त्याच्या हाताशी सूक्ष्मदर्शक नव्हता. मग हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी चालत गेला ब्रिटिश म्युझियममध्ये, रॉबर्ट ब्राऊन यांच्याकडे. पेशीच्या केंद्रकाला ज्यांनी नाव दिलं तेच हे ब्राऊन. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसली एक चिमुकली अळी. अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून माणसाच्या अंगात शिरणारी ही ट्रायकिना. वर्ष होतं 1835. तिचं शास्त्रीय वर्णन आणि नामकरण केलं रिचर्ड ओवेन या नामवंत शास्त्रज्ञाने, त्यामुळे श्रेयही बरंचसं त्यांच्याच पदरात पडलं. जेम्सने त्यावरून आयुष्यभर कटकट केली नाही. पण एक गोष्ट पक्की कळली. शंभर जणांनी पाहून सोडलेल्या गोष्टीत काही तरी असू शकतं!

1836 मध्ये परीक्षा पास झाला. पुढे काय? खिशात पैसे नाहीत, ओळखीपाळखी नाहीत. बार्ट्समध्ये वरची जागा मिळवायची तर आधी बड्या सर्जनच्या हाताखाली पैसे भरून काम करावं लागे. ते पैसे कुठून आणणार? मग त्याने लिखाणावर पोट भरलं. वैद्यकीय मासिकांसाठी टिपणं लिहिली, भाषांतरं केली. जर्मन भाषा शिकून घेतली, कारण नवं संशोधन त्या भाषेत येत होतं. 1837 पासून बार्ट्सच्या वस्तुसंग्रहालयाचं काम पाहिलं. तिथे बरण्यांमधून ठेवलेले रोगट अवयव एकेक करून तपासायचे, त्यांच्या नोंदी लिहायच्या. रोज तेच. कुणाला वाटेल, काय हे कारकुनी काम! पण हजारो नमुने असे डोळ्यांखालून गेले, त्यातूनच हा माणूस घडला.

याच काळात लिडिया नॉर्थ या धर्मोपदेशकाच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं. ठरलं खरं, पण झालं कधी? आठ वर्षांनी, 1844 मध्ये! घर चालवण्याएवढी मिळकत होईपर्यंत दोघं थांबली. लिडिया थांबली, कुरकुर न करता थांबली. पुढेही कित्येक वर्षं वडिलांचं कर्ज भावांनी मिळून फेडलं, आणि त्या काटकसरीचा संसार तिनेच केला. मोठ्या माणसांच्या चरित्रात अशा बायका दोन ओळींत आटोपतात. मला वाटतं, त्या दोन ओळी जरा सावकाश वाचाव्यात.

हळूहळू दिवस पालटले. 1843 मध्ये पॅजेट बार्ट्सच्या विद्यार्थी वसतिगृहाचे प्रमुख झाले. 1847 पासून रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये त्यांनी व्याख्यानं दिली, त्यांचं पुस्तक 1853 मध्ये निघालं. रोगाने शरीरात नेमकं काय बदलतं, हे सूक्ष्मदर्शकाची मदत घेऊन सर्जनना शिकवणारे ते इंग्लंडमधले आरंभीचे शिक्षक. पुढे राणी व्हिक्टोरियाच्या शल्यचिकित्सकांमध्ये त्यांची नेमणूक झाली आणि 1871 मध्ये सर ही पदवी मिळाली.

मधली एक गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची. अमेरिकेत 1849 साली वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या एलिझाबेथ ब्लॅकवेल पुढील शिक्षणासाठी 1850 मध्ये लंडनला आल्या. बाईने डॉक्टर व्हायचं ही कल्पनाच तेव्हा कित्येकांना झेपत नव्हती. बार्ट्समध्ये त्यांना प्रवेश मिळाला तो पॅजेट यांच्या पाठिंब्याने. पॅजेट पती-पत्नींनी त्यांचं मनापासून स्वागत केलं. आणि विरोधाभास पाहा! बार्ट्सचे बाकी सगळे वॉर्ड त्यांना खुले झाले, बंद राहिला तो स्त्रीरोगांचा विभाग. म्हणजे बाईचं दुखणं बाईनेच पाहायचं नाही!

1871 मध्ये पॅजेट स्वतः मरता मरता वाचले. शवविच्छेदन करताना जंतुसंसर्ग झाला आणि ते बरेच महिने अंथरुणाला खिळले. त्यानंतर त्यांनी बार्ट्समधलं सर्जनचं पद सोडलं. पण पाहणं, नोंदणं सुटलं नाही. 1874 मध्ये बार्ट्सच्या वार्षिक अहवालात त्यांनी एक छोटासा लेख लिहिला. अगदी दोन-तीन पानांचा. पण आज दीडशे वर्षांनंतर त्यांचं नाव जगभरच्या डॉक्टरांच्या तोंडी आहे, त्याला हाडांच्या आजाराइतकाच हा लेखही कारण आहे.

काय होतं त्या लेखात? सुमारे पंधरा स्त्रियांची हकीकत. वय चाळीस ते साठच्या पुढे. सगळ्यांच्या स्तनाग्रावर आणि भोवतालच्या गडद वर्तुळावर एक चट्टा. काहींचा लालभडक, ओला, साल निघाल्यासारखा, तर काहींचा कोरडा, खवल्यांचा. खाज, चुणचुण, जळजळ. एरवी तब्येत चांगली. नाना मलमं लावून झालेली, गुण शून्य. आणि मग त्यातल्या प्रत्येकीला, हो, प्रत्येकीला, दोन वर्षांच्या आत स्तनाचा कर्करोग झाला. बहुतेकींना तर वर्षाच्या आतच.

आणखी एक बारकावा पॅजेट यांनी टिपला. कर्करोगाची गाठ चट्ट्याच्या अगदी खाली लागून नसे. ती आत खोलवर, दूध तयार करणाऱ्या ग्रंथीत असे. वरचा चट्टा आणि आतली गाठ यांच्यामधला भाग निरोगी दिसे. मग वरच्याचा आणि आतल्याचा संबंध काय? पॅजेट यांना वाटलं की आधी त्वचेचा दाह होतो आणि त्याच्या त्रासाने पुढे आत कर्करोग उपजतो.

इथे जरा थांबू. संबंध त्यांनी अचूक ओळखला होता, पण क्रम उलटा लावला होता! ज्या माणसाने विद्यार्थिदशेत सूक्ष्मदर्शकाने एवढा मोठा शोध लावला, त्याच्या या लेखात सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं याचं वर्णन नाही. ते काम पुढच्यांनी केलं. 1876 मध्ये बार्ट्सच्याच हेन्री बटलिन यांनी असे स्तन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांना त्वचेबरोबर आतल्या दुग्धनलिकांमध्येही बदल दिसले. त्वचेच्या वरच्या थरात मोठ्या, फिकट, फुगीर अशा वेगळ्याच पेशी असतात, हेही पुढे सगळ्यांच्या ध्यानात आलं. शेजारच्या पेशी आटोपशीर, घट्ट बसलेल्या, आणि त्यांच्यात या पाहुण्या पेशी भोवती पांढरं वलय घेऊन बसलेल्या. तांदळात साबुदाणा मिसळावा तसं काहीसं. आज त्यांना पॅजेट पेशी म्हणतात.

पण या आल्या कुठून? 1889 मध्ये फ्रान्सचे डॅरिए या मोठ्या त्वचारोगतज्ज्ञाने सांगितलं की हे परजीवी जंतू आहेत. ते चुकीचं ठरलं. 1904 मध्ये स्वीडनचे याकोबेअस यांनी म्हटलं की या कर्करोगाच्याच पेशी आहेत, आतल्या दुग्धनलिकांमध्ये जन्मलेल्या आणि नलिकेच्या वाटेने वर त्वचेत आलेल्या. 1927 मध्ये ग्लासगोचे रॉबर्ट म्युर यांनी अनेक नमुने तपासून याच मताला बळ दिलं.

आपल्या घरातलं उदाहरण देते. भिंतीवर ओल येते, रंगाचे पोपडे निघतात. आपण खरवडून पुन्हा रंग देतो. महिन्याभरात डाग परत हजर! कारण भिंतीचा दोष नसतोच, आत कुठेतरी पाइप गळत असतो. आणि तो नेमका डागाच्या मागेच असतो असंही नाही, पाणी कुठून कुठे वाट काढतं. पॅजेट यांना डाग आणि गळका पाइप दोन्ही दिसले होते. पाणी कोणत्या दिशेने येतंय एवढंच कळायचं राहिलं होतं. बहुतेक रुग्णांमध्ये त्वचेवर चट्टा उमटतो तेव्हा आत रोग आधीच सुरू झालेला असतो, हे आता माहीत आहे.

सगळ्याच रुग्णांमध्ये मात्र हे लागू पडत नाही. काही जणींमध्ये आत काहीच सापडत नाही. 1970 मध्ये सिरिल टोकर यांनी निरोगी स्तनाग्राच्या त्वचेतही काही फिकट पेशी असतात असं दाखवलं. कदाचित काही वेळा रोग तिथेच जन्मत असेल, असं म्हणणारे डॉक्टर आजही आहेत. शिवाय हाच आजार, क्वचित, जननेंद्रियांजवळच्या त्वचेवरही होतो. तिथे तर बाई आणखीच गप्प बसते.

या गोष्टीत पॅजेट यांच्या मुलाचाही वाटा आहे. लिडिया आणि जेम्सना सहा मुलं, चार मुलगे आणि दोन मुली. त्यातला स्टीफन डॉक्टर झाला. 1889 मध्ये त्याने स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या नोंदी अभ्यासल्या. कर्करोग शरीरात कुठेही कसाही पसरत नाही, काही ठराविक अवयवांतच जास्त रुजतो, असं त्याला दिसलं. त्याने त्यासाठी बियाणं आणि जमीन असा दाखला दिला. आपल्या शेतकरी बायकांना हे वेगळं समजवायला नको. बी कितीही पडलं तरी रुजतं ते मानवणाऱ्या जमिनीतच. पुढे 2000 साली संशोधकांना आढळलं की त्वचेतल्या पेशी हेरेग्युलिन नावाचा एक पदार्थ सोडतात. पॅजेट पेशींच्या अंगावर तो ओळखणारी प्रथिनं असतात, त्यांतलं हर-टू नावाचं प्रथिन तर बहुतेक वेळा खूपच वाढलेलं असतं. त्या पदार्थाच्या ओढीने पेशी त्वचेकडे सरकतात. वडिलांच्या आजाराचं कोडं उलगडायला मुलाचा जमिनीचा दाखला असा उपयोगी पडला. याच हर-टू प्रथिनावर नेमकं काम करणारी औषधं आज स्तनाच्या कर्करोगात वापरली जातात.

पॅजेट यांचं पुढचं आयुष्य मानाचं गेलं. 1877 मध्ये त्यांनी हाडांच्या त्या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. 1881 मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेचे ते अध्यक्ष होते. पाश्चर, कॉख, लिस्टर अशी दिग्गज मंडळी तिथे एकत्र जमली होती. 1883 पासून ते लंडन विद्यापीठाचे कुलगुरू होते. 1895 मध्ये लिडिया गेल्या. 30 डिसेंबर 1899 रोजी, नवं शतक दारात असताना, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी पॅजेट यांनी डोळे मिटले.

ज्या 1874 साली त्यांचा लेख आला, त्याच वर्षी लंडनमध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय विद्यालय सुरू झालं. आपल्या रखमाबाई पुढे तिथेच शिकून डॉक्टर झाल्या आणि परत येऊन त्यांनी बायकांवर उपचार केले. डॉक्टर बाई असेल तर दाखवेन, नाहीतर नाही, असं म्हणणाऱ्या बायकांसाठी ती किती मोठी सोय होती!

आज ती सोय गावोगाव झालीय. तरीही आमच्या वस्तीतल्या आरोग्य शिबिरात काय दिसतं? गुडघे दुखतात, कंबर धरते, चक्कर येते, सगळं बायका मोकळेपणाने सांगतात. छातीचं विचारलं की मान खाली जाते. सुनेला सांगायचं कसं, मुलाकडे पैसे मागायचे कसे, डॉक्टर पुरुष असला तर? मग दुखणं अंगावर काढायचं. शेजारणीने दिलेलं मलम लावायचं. चट्टा थोडा सुकतो, बरं वाटतं, पुन्हा उमटतो. असे महिनेच्या महिने निघून जातात.

म्हणून मैत्रिणींनो, एवढं लक्षात ठेवा. साधं इसब बऱ्याचदा दोन्ही बाजूंना होतं, आणि औषधाने आटोक्यात येतं. हा आजार बहुधा एकाच बाजूला होतो, स्तनाग्रापासून सुरू होऊन बाहेर पसरतो. स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखं पाणी येणं, गाठ लागणं हीही लक्षणं असू शकतात. पण गाठ नाही म्हणून निर्धास्त राहू नका, गाठ हाताला लागण्याआधीही चट्टा दिसू शकतो. दोन-तीन आठवडे औषध करूनही चट्टा जात नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, तुकडा काढून तपासायचा का? त्वचेचा इवलासा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जातो आणि काय ते कळतं. सोबत मॅमोग्राफी होते. प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो, बहुतेक नसतातच. पण ते डोळ्यांनी ठरवता येत नाही, पॅजेट यांनाही आलं नव्हतं.

त्या पंधरा जणींची नावं आज कुणालाच माहीत नाहीत. त्यांना वाचवण्याइतकी साधनं तेव्हा नव्हती. पण त्यांनी आपलं दुखणं एका डॉक्टरला दाखवलं, आणि त्याने ते क्षुल्लक मानलं नाही, म्हणून आपल्याला आज वेळेत जागं होता येतं. आपल्याकडे तपासणी आहे, औषधं आहेत, बाई डॉक्टरही आहेत. आता दाखवायला जायचं तेवढं आपल्यावर आहे. घरातल्या सासूबाईंना, कामवाल्या मावशींना, गावाकडच्या वहिनींनाही हे सांगा. त्या स्वतःहून विचारणार नाहीत.